पहाटेआधीचे स्टेशन

भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जावे, हा रिवाज सर्वांना ठाऊक आहे. भाऊ नसेल तर त्याच्या मुलाने जावे, असे कोणत्या पोथीत लिहिले आहे की काय ते मला माहीत नाही. पण आमच्या आत्याने तसा नियम करून टाकला आहे. वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तिचा निरोप आला, "पाट मांडून ठेवलाय. कुनी तरी बसायला या." तेव्हापासून वर्षातून एकदा मी माकणीला जातो, पाटावर बसतो, ओवाळून घेतो, तबकात ओवाळणी टाकतो आणि दोन रात्री राहून परत येतो.

माकणी हे पूर्वीच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातले, लोहारा तालुक्यातले गाव. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर उमरग्याला उतरायचे, तेथून लोहाऱ्याची एस. टी. धरायची आणि लोहाऱ्याहून जे वाहन मिळेल त्याने पुढे जायचे. दिवाळीच्या सुमारास या वाटेवर डोळ्यांना बरे वाटते. सोयाबीन निघालेले असते, तूर पिवळ्या फुलांवर आलेली असते आणि काळ्या रानात ज्वारीचे हिरवे कोंब नुकते दिसू लागलेले असतात. गाव जवळ आले की तेरणेवरच्या धरणाची लांबलचक मातीची भिंत पुढे येते. ही तेरणा म्हणजे वर तेरला, गोरोबाकाकांच्या गावावरून वाहत येणारी तीच नदी. १९८९ साली तिला येथे अडवले. कागदोपत्री या धरणाचे नाव 'निम्न तेरणा'. लोक आपले 'माकणीचे धरण' म्हणतात. परगावच्या माणसाला माकणीची ओळख बहुधा एवढीच असते.

मी मात्र गेल्या दिवाळीत माकणीहून एक भलतीच वस्तू घेऊन आलो. ती वस्तू म्हणजे एक रेडिओ स्टेशन.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू. मामांचा रेडिओ हा माझ्या लहानपणी माकणीतला दुसरा मोठा प्रकल्प होता. लाकडी पेटीचा मर्फी. पुढे कापडाची जाळी, तिच्याखाली काचेची पट्टी आणि पट्टीवर मागेपुढे सरकणारा लाल काटा. रेडिओला पूर्वी सरकारी परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. परवाने बंद होऊन वर्षे लोटली तरी मामांनी ते जुने पुस्तक ट्रंकेत जपून ठेवले होते. मामांना गाण्यापेक्षा स्टेशन शोधण्याची हौस मोठी. परभणी लागे, हैदराबाद लागे, रात्री हवा साफ असली तर कोलंबोही येई. पण मामांची खरी आवडती जागा दोन स्टेशनांच्या मधली. तेथे शिट्ट्या वाजत, काही तरी घोंगावे, पाण्याखालून कोणी बोलते आहे असा भास होई. मामा काटा तेथेच धरून ठेवीत आणि मला जवळ बोलावून म्हणत, "ऐक, समिंदर आलाय." तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आत्या ओरडे, "आवाज कमी करा की ओ!" मग मामा एका हाताने समुद्र धरून ठेवीत आणि दुसऱ्या हाताने आवाज कमी करीत.

मामा गेले आणि रेडिओ मुका झाला. त्याच्यावर भरतकामाचे एक फडके आले, फडक्यावर तुळजाभवानीची तसबीर आली, आणि मर्फीचा कोनाडा झाला. गेल्या दिवाळीत जाऊन पाहतो तो तसबीर भिंतीवर गेलेली आणि काचेच्या पट्टीमागे दिवा लागलेला!

हा उद्योग आतेभावाच्या धाकट्या मुलाचा. तो सोलापूरला तंत्रनिकेतनात शिकतो. आजोबांच्या पेटीतली जळकी हाडे त्याने काढून टाकली होती, आत एक तळहाताएवढे कार्ड आणि नवा स्पीकर बसवला होता, आणि मोबाईलवर येणारे जगातले कोणतेही स्टेशन तारेवाचून त्या पेटीतून वाजवून दाखवीत होता. लाल काट्याला आता काही काम उरले नव्हते. तो मामांनी सोडला होता तेथेच, परभणीवर, उभा होता.

रात्री जेवणे झाली. अंगणात बाज टाकून आम्ही बसलो. गावात अधूनमधून फटाके वाजत होते. उघड्या दारातून मर्फीचा आवाज येऊ लागला : एक लांब, न संपणारे 'ऊं', त्यावर मध्येच काही तरी चमके आणि विरून जाई. मी पाच मिनिटे वाट पाहिली.

"स्टेशन लागत नाही वाटते," मी म्हणालो.

"लागलंय की, काका."

आणखी पाच मिनिटे गेली.

"मग गाणे केव्हा सुरू होणार?"

"हेच गानं हाय. मघाचं चालू हाय."

असे हे आमचे पहिले संभाषण. पोराने मग मला सगळे समजावून दिले. हे स्टेशन अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचे, नाव सोमा एफ. एम. ते २००० साली निघाले, त्यावर जाहिराती नाहीत, ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चालते. त्याच्या अनेक शाखा आहेत. आम्ही ऐकत होतो तिचे नाव 'ड्रोन झोन'. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते, तेथे सकाळ होती. या प्रकाराला 'ॲम्बिअंट' म्हणतात.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. अनोळखी वस्तू दिसली की तिला मराठी नाव देण्यासाठी माझा हात शिवशिवतो. मी म्हटले, "वातावरण-संगीत म्हणता येईल. किंवा परिसर-संगीत."

"काका, हे पर्यावरणाच्या पेपरातलं वाटूलालंय," तो म्हणाला. मी नाव मागे घेतले.

खरे सांगायचे तर मला त्यात संगीत दिसत नव्हते. गाणे म्हणजे माझ्या लेखी कविता. चाल ही तिला आणून सोडणारी बैलगाडी. गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांची मी जन्मभर सरबराई केली, बैलांची चौकशी कधी केली नाही. येथे तर गाडी रिकामीच चालली होती. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय शिकवताना 'अनाहत नाद' हे शब्द मी किती वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे; आघातावाचून उमटणारा तो अनाहत, असे मुलांना सांगत आलो आहे. पण आघात, ताल, शब्द यांतले काही नसलेला नाद कानावर आला तेव्हा प्राध्यापकमजकुरांना वाटले, स्टेशन लागत नाही!

पोराने मला हाताला धरून वाड्याबाहेर नेले. कोपऱ्यावर विजेची डीपी होती. "आता हे ऐका," तो म्हणाला. डीपी गुणगुणत होती. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या करते, म्हणून डीपीचा लोखंडी गाभा सेकंदाला शंभर वेळा थरारतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर हा सूर खालच्या सप्तकात पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठे तरी पडतो. हे त्याने बोटांवर हिशेब करून सांगितले. मी नुसता ऐकत राहिलो. इतकी वर्षे या डीपीखालून येत-जात होतो. ती रोज तोच सूर धरून उभी आहे, हे कधी लक्षात आले नव्हते.

घरी परत आल्यावर मी शिक्षकाच्या खोडीने या विषयावरचे मिळेल ते वाचून काढले, आणि माझी चांगलीच जिरली. विजेच्या या संगीताला मी आजकालच्या पोरांचे खूळ समजत होतो. त्याचा जन्म रेडिओ केंद्रांतच झालेला, आणि तोही माझ्या वडिलांच्या लहानपणी. १९४८ साली फ्रान्सच्या सरकारी रेडिओवरील पिएर शेफर या इंजिनिअरने आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले, ते तोडून, जोडून, फिरवून एक रचना केली आणि ती रेडिओवरून ऐकवली. १९५१ साली जर्मनीत कोलोनच्या रेडिओ केंद्राने विद्युत्-संगीताची कार्यशाळा काढली. १९५८ साली लंडनला बी. बी. सी.ने आपला विभाग उघडला. १९५१ सालीच अमेरिकेत जॉन केज नावाच्या संगीतकाराने एक रचना केली, ती बारा रेडिओंसाठी! दर रेडिओवर दोन माणसे : एकाने काटा फिरवायचा, दुसऱ्याने आवाज कमीजास्त करायचा. हे वाचताना मला मामा आणि आत्या आठवली आणि हसू आवरेना.

या केजची गोष्ट पुढे आपल्याच घरी येते. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्यांनी केजला आपले संगीत शिकवायचे आणि त्याने त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचे, पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत, असा करार ठरला. संगीत असते कशासाठी, असे त्याने विचारले तेव्हा गीताबेननी आपल्या गुरूंकडून ऐकलेले उत्तर सांगितले : मन शांत, निवांत करावे आणि दैवी स्पर्शाला मोकळे करावे, यासाठी. केजने ते उत्तर जन्मभर सांभाळले. पुढे १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग नावाचे विजेवरचे वाद्य आले. केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर याने ते तेथे लावून दिले, आणि १९७२ पर्यंत गीताबेन, अतुल देसाई आणि इतर काही जणांनी त्यावर रचना केल्या. त्या फिती नंतर कपाटात पडून राहिल्या. लंडनच्या पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या, २०२० साली बी. बी. सी.च्या रेडिओवरून त्यांची हकीकत सांगितली, आणि २०२३ साली त्यांची तबकडी निघाली. मुंबईच्या चरणजित सिंगांचेही तेच. सिनेमात वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२ साली विजेच्या वाद्यांवर दहा राग वाजवले. तेव्हा ते कोणी फारसे विचारात घेतले नाहीत, आणि २०१० साली परदेशात पुन्हा निघाले तेव्हा जगाने कान टवकारले.

पण त्या रात्री माकणीच्या अंगणात मला यातले काहीही माहीत नव्हते. डीपीपाशी उभे राहून आम्ही परत आलो. पोराने उत्साहाने मर्फीचा आवाज वाढवला. ते 'ऊं' आणखी खाली उतरले, जाड झाले. ते कानांऐवजी छातीत ऐकू येऊ लागले. आणि आतल्या खोलीचा पत्रा थरथरू लागला.

"भाईर या! भाईर या! भुई गुरगुरूलालीय!"

आत्या पदर सोडून, अनवाणी, अंगणाच्या मधोमध येऊन उभी होती. एका हाताने तिने नातवाचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती मला घरापासून दूर ओढत होती. सत्तरीच्या पुढची बाई. पण त्या हाताची पकड मला अजून आठवते.

पोराने धावत जाऊन मर्फी बंद केला. सगळे शांत झाले. शेजारचे दोघेतिघे उठून दारात आले होते, ते काही न विचारता परत गेले. या भागात अशा वेळी कोणी काही विचारीत नाही.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र. लोक उशिरा येऊन दमूनभागून झोपलेले. चाराला चार मिनिटे कमी असताना भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीची जड माळवदे होती. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे. तीच झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षीपासून किल्लारीकडे जमिनीचे हादरे जाणवत होते आणि गुरगुर ऐकू येत होती. लोक बोलत, घाबरत, आणि पुन्हा कामाला लागत. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या घरी ती बातमी रेडिओवर आली. बातमी देणाऱ्याने सास्तूर हे नाव घेतले आणि वडिलांनी हातातला कप खाली ठेवला. आत्याची थोरली मुलगी सास्तूरला दिली होती. तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती.

मुलगी गेली. तिला काढताना आत्या तेथे होती. याहून अधिक ती कधी बोलली नाही आणि आम्ही विचारले नाही.

त्या दिवसापासून आत्या स्लॅबखाली झोपत नाही. आतेभावाने पुढे पक्के घर बांधले. तिची खोली मात्र पत्र्याची आहे. "पत्रा पडला तर मानूस मरत न्हाई," असे ती म्हणते. फटाक्यांचे तिला काही वाटत नाही. दिवाळीत पोरे तिच्या दारात सुतळी बॉम्ब लावतात, ती निवांत वाती वळत बसते. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "वरून येनाऱ्या आवाजाला काय भ्यायचं? खालून येतो तो वंगाळ."

आणि रोज पहाटे चाराला चार कमी असताना तिला जाग येते. घड्याळ लागत नाही, कोंबडा लागत नाही. उठून ती अंगणात येऊन बसते. पूर्वी मामाही उठत. ते मर्फी लावून ठेवीत. पण आकाशवाणी रात्री अकराच्या सुमारास बंद झालेली असे, तेव्हा पेटीतून नुसती खरखर येई. दोघे त्या खरखरीसमोर बसून राहत. सहाला पाच कमी झाले की आकाशवाणीची ती ओळखीची धून वाजे : खाली तंबोरा आणि वर व्हायोलिन. मग आत्या पदर खोचून उठे आणि चूल पेटवी. रात्र संपली, हे तिला त्या धुनेने सांगायचे. चार ते सहा या दोन तासांसाठी मात्र कोणत्याही स्टेशनपाशी काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवाळणे झाले. पोरगा पाटाजवळ आला नाही. संध्याकाळी तो मला धरणाच्या भिंतीवर सापडला. पाणी भरलेले होते. वाऱ्याने बारीक लाटा येऊन दगडी पिचिंगवर आपटत होत्या.

"आजीला मी मारलं असतं काका," तो म्हणाला. "मी किल्लारीच्या नंतर जन्मलो. मला ते ठाऊकच नसतंय. म्हणजे ठाऊक हाय, पर ठाऊक न्हाई."

मी काय बोलणार? मी पाण्याकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "हे मोठ्यानं लावायचं नसतंयच. माझंच चुकलं." आणि त्याने मला एक हकीकत सांगितली.

१९७५ साली ब्रायन ईनो नावाचा इंग्रज संगीतकार अपघात होऊन अंथरुणावर पडला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने जुन्या हार्पवादनाची एक तबकडी आणून दिली. ती गेल्यावर त्याने ती कशीबशी लावली आणि येऊन पडला, तेव्हा लक्षात आले की आवाज अगदीच कमी ठेवला गेला आहे आणि दोनांपैकी एक कर्णा बंद आहे. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पडल्या पडल्या तो ऐकत राहिला. पावसात मिसळून हार्पचे एखाददुसरेच स्वर कानी येत होते. संगीत असेही ऐकता येते, खोलीतल्या उजेडासारखे, पावसासारखे, हे त्याला तेथे उमगले. १९७८ साली त्याने विमानतळांसाठी एक रचना केली आणि तिला 'ॲम्बिअंट' हे नाव दिले.

"म्हणजे हे संगीत खाटेवरच्या माणसाचे आहे," मी म्हणालो.

"व्हय. मी ते पोरांच्या पार्टीगत लावलं."

तो उठला. घरी येऊन त्याने मर्फी उघडला आणि मोबाईलवर काय काय खटपट करून खालचे सारे जाड आवाज छाटून टाकले. रात्री जेवणानंतर त्याने आजीला सांगितले, "आजी, एकदाच ऐक. भुईतलं काही न्हाई त्यात. नको वाटलं तर पेटीच फेकून देतो." आत्याने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ती वाती वळू लागली.

या वेळी त्याच स्टेशनची दुसरी शाखा लावली होती. अगदी बारीक आवाजात एक बाई गात होती. मागे धुके पसरावे तशा तारा वाजत होत्या. ठेका होता, पण तोही दूरच्या गावातल्यासारखा. आवाज मात्र विलक्षण! मध्येच पाखरासारखा वर जाई, मध्येच झोप आल्यासारखा खाली उतरे. सवयीप्रमाणे मी शब्द पकडायला धावलो. इंग्रजी आहे असे वाटले, आणि नाही. एकही शब्द हाती लागेना.

"कोन हाय रं ही बाई?" आत्याने विचारले.

पोराने सांगितले : स्कॉटलंडातल्या ग्रेंजमाउथ नावाच्या गावची; नाव एलिझाबेथ फ्रेझर. १९८०च्या सुमारास तिच्या गावच्या पोरांनी 'कॉक्टो ट्विन्स' नावाचा मेळा काढला. लंडनच्या रेडिओवर जॉन पील नावाचा निवेदक होता, तो असल्या नव्या पोरांची गाणी शोधून शोधून वाजवी. त्याने यांचीही वाजवली. स्वप्नातल्यासारख्या त्या गाण्यांच्या जातीला पुढे 'ड्रीम पॉप' म्हणू लागले.

"आन् म्हनूलालीय काय?"

मी घसा साफ केला. पोरगा म्हणाला, "काही न्हाई आजी. कित्येक गान्यात तिचे शब्द शब्दच नसतेत. पुस्तकातनं अनोळखी शब्द उचलायचे, त्याचा नुसता नाद घ्यायचा, असं करायची ती."

मला वाटले, आता आत्या हसणार. आपल्या गवयांचे तराणे ऐकून ती पूर्वी मनसोक्त हसली आहे. पण ती हसली नाही. वात वळून झाली, ती तिने तेलात टाकली.

"बरंय," ती म्हणाली. "सांगत न्हाई ते बरंय. मला समदेच सांगायला येतेत."

एवढेच. मग ती आत जाऊन पडली. "बंद करू का?" असे पोराने विचारले, तेव्हा आतून आवाज आला, "ऱ्हाऊ दे. अजून बारीक कर."

मी ओसरीवर झोपलो होतो. झोप अशी लागलीच नाही. एकतीस वर्षांत आम्ही त्या बाईला काय काय सांगितले होते! देवाची मर्जी सांगितली, नशीब सांगितले, धीर धर म्हणून सांगितले. मी तर पत्रे लिहिली होती, आणि त्यांत संतांची नावे होती. सारे शब्द चांगले होते. ते चार वाजता अंगणात तिच्याजवळ बसायला येत नव्हते.

पहाटे बाजेची करकर ऐकू आली. मी उशाचा मोबाईल पाहिला : तीन छप्पन्न. आता ती बाहेर येईल म्हणून मी उठून बसलो. ती आली नाही. दारातून पाहिले, तर ती बाजेवर उठून बसली होती, भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन. काचेच्या पट्टीमागचा पिवळा दिवा तिच्या चेहऱ्यावर पडला होता. पोराने रात्री केव्हा तरी शाखा बदलली असावी. आता बाई गात नव्हती, नुसते सूर येत होते, एकामागून एक, घाई नसलेले. बाहेर डीपी गुणगुणत होती. लांब कोणाच्या तरी विहिरीवरची मोटर चालू होती. यांतले मर्फीचे कोणते आणि माकणीचे कोणते, हे सांगता येऊ नये इतके ते एकमेकांत मिसळले होते.

आत्याने मला पाहिले. "झोप की," ती म्हणाली. "मी हाय जागी."

मी झोपलो नाही, पण परत जाऊन पडलो. सहाला पाच कमी असताना पोरगा उठून आला आणि त्याने आकाशवाणी लावली. धून सुरू झाली. ही धून हिटलरच्या छळामुळे युरोप सोडून १९३४ साली मुंबईस आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची, हे मी अनेकदा वाचले होते. तो पुढे मुंबईच्या आकाशवाणीत नोकरीस होता. आपले घर, आपला मुलूख मागे टाकून आलेल्या त्या माणसाने शिवरंजनीच्या सुरांत ही धून बांधली आणि तिच्यात एकही शब्द घातला नाही. ती ऐकत मी किती वर्षे दात घासले असतील! त्या पहाटे पहिल्यांदा मी ती शेवटपर्यंत ऐकली. आत्याने पदर खोचला आणि चहाचे आधण ठेवले.

निघताना मी विचारले, "आत्या, झोप लागली का रात्री?"

"कुटली झोप," ती म्हणाली. "जाग काय मेल्यावरच जाईल. पर भाईर जावं वाटलं न्हाई."

याला कोणी बरे होणे म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. दिवाळीची सुटी संपल्यावर पोरगा सोलापूरला गेला. जाताना त्याने आपला जुना मोबाईल मर्फीच्या मागे कायमचा ठेवून दिला आणि पावणेचारला स्टेशन आपोआप लागेल, सहाला पाच कमी असताना आकाशवाणी लागेल, अशी काही तरी योजना करून दिली. मीही आता रात्री वह्या तपासताना ते स्टेशन लावतो. शब्द नसल्यामुळे वह्यांतल्या चुका जास्त दिसतात, असा माझा अनुभव आहे. कधी पहाटे जाग आली तर उठून लावतो. तोच सूर त्याच वेळी माकणीतही वाजत असतो.

फेब्रुवारीत एका सकाळी आत्याचा फोन आला. ती आपण होऊन फोन कधी करीत नाही, त्यामुळे माझ्या पोटात धस्स झाले.

"काय झाले आत्या?"

"काय व्हायचंय? तीन दिवस झालं, पेटी गप हाय. पोरगा म्हनतोय नेट संपलंय. त्याची परीक्षा हाय, त्याला तरास नको. तू भर."

मी भरले. तेव्हापासून दर महिन्याला मी माकणीच्या त्या मोबाईलमध्ये पैसे भरतो. भाऊबीजेची ओवाळणी वर्षातून एकदाच द्यायची असते, असे मी तिला म्हणून पाहिले. पण तो नियमही आत्याने बदलला आहे.